गिटार घ्यायची तर मे महिन्यात घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ज्युनिअर कॉलेजातले आणि वस्तीतले पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, पोरगं इलेक्ट्रिक गिटार मागते. कोणती घ्यावी?" मी फिजिक्स शिकवते, गिटार वाजवते आणि जमेल तेवढ्या गिटारी उघडून दुरुस्तही करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणार हे ओघानंच आलं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एका कंपनीचं नाव आणि एक आकडा हवा असतो. ते सांगायला माझी हरकत नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटारी दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. त्यातली एक हातात घेतली की खाली ठेववत नाही, आणि दुसरीवर बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीच्या, पुढे गेलं की तार नुसती खरखरते. किंमत दोन्हींची तीच.

म्हणून मी त्यांना आधी सांगते, जमत असेल तर मे महिन्यात घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं मॅडम कुठल्या तरी सेलबद्दल बोलताहेत. मी नवतपाबद्दल, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांबद्दल, बोलत असते.

मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिटारला उष्णतेपेक्षा जास्त छळतो तो कोरडेपणा. हवेत ओलावा उरला नाही की लाकूड आपल्यातला ओलावा सोडतं आणि आक्रसतं. तेही सगळ्या बाजूंनी सारखं नाही. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, फरक नगण्य असतो. आडव्या अंगानं तो जाणवण्याइतका होतो. नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, ठोकलेले फ्रेट धातूचे. ते काही आक्रसत नाहीत. लाकूड आत सरकतं आणि फ्रेटची टोकं दोन्ही कडांना बाहेर डोकावू लागतात. नेकच्या कडेवरून हात वर-खाली फिरवला की ती बोटांना ओरखडतात. जुलैत हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की तेच लाकूड पुन्हा फुगतं. जुन्या वाड्याचं दार पावसाळ्यात चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं, तसाच हा प्रकार.

सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक गिटारी इंडोनेशिया किंवा चीनमधून येतात. इंडोनेशियाच्या दमट हवेतून निघालेलं लाकूड इथल्या बर्डीतल्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानात मार्चपासून टांगून राहिलं, की मे महिन्याच्या अखेरीस त्याचा सगळा स्वभाव बाहेर आलेला असतो. जे वाकायचं ते वाकलेलं असतं. जे उठायचं ते उठलेलं असतं. अशी गिटार हातात घेऊन तपासली तर ती पुढे काय करणार आहे याचा बराचसा अंदाज येतो. सप्टेंबरात, गणपतीच्या आधी, दुकानातल्या सगळ्याच गिटारी शहाण्यासारख्या वागतात.

आणि तपासायची असते ती नेक. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तारांचा आवाज पकडणारे पिकअप बदलता येतात, ट्यूनिंगच्या चाव्या बदलता येतात, खरखरणारा व्हॉल्यूमचा पॉट शे-दोनशे रुपयांत बदलून मिळतो, तारा तर बदलायच्याच असतात. रंग आवडला नाही तर रंगही बदलणारे आहेत. नेक मात्र वाईट निघाली तर त्या गिटारवर केलेला पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. शिकणारं पोरगं ते ओळखूही शकत नाही. त्याला वाटतं आपली बोटंच दुबळी आहेत. तीन-चार महिन्यांत गिटार कपाटावर जाते आणि घरात "आवड नव्हतीच त्याला" असा निकाल लागतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की त्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो.

नेक काय सोसते ते बघा. नऊच्या सेटमधल्या, म्हणजे ०.००९ इंचापासून ०.०४२ इंचापर्यंतच्या सहा तारा सुरात लावल्या की त्या मिळून जवळपास चाळीस किलोच्या ताणानं नेकला पुढे ओढतात. दिवसरात्र. या ओढीला उत्तर म्हणून नेकच्या आत एक लोखंडी सळी असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीनं १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. अ‍ॅलन की लावून ती पाव फेरा फिरवली की नेकचा बाक किंचित कमी-जास्त होतो. नागपुरात वर्षातून दोनदा तरी ती फिरवावी लागते, एकदा उन्हाळा तापल्यावर आणि एकदा पाऊस स्थिरावल्यावर. ज्या गिटारच्या ट्रस रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला आहे, ती घेऊ नये. तिच्याकडे पुढच्या ऋतूसाठी काही शिल्लकच नाही.

दुकानात हे कसं बघायचं? गिटार आडवी धरा आणि बॉडीच्या बाजूनं नेकच्या कडेवरून हेडस्टॉककडे, म्हणजे चाव्यांच्या टोकाकडे, एक डोळा मिटून बघा. आधी एक कड, मग दुसरी. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या दिसल्या तर काळजी नाही, तो बाक ट्रस रॉडनं निघतो. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली तर नेकला पीळ पडला आहे. पीळ ट्रस रॉडनं निघत नाही. गिटार परत टांगा, दुकानदार कितीही सूट देवो.

मग जाडी तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हातानं आणि शेवटच्या फ्रेटवर उजव्या हातानं दाबून धरा. अशी दाबलेली तार म्हणजे तयार फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर तिच्याखाली एखादं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी, पाव मिलिमीटरच्या आसपास. फट अजिबात नसेल तर नेक मागे झुकली आहे आणि तारा खरखरणार. फटीतून पलीकडचं दुकान दिसत असेल तर नेक पुढे वाकली आहे. दोन्ही दुरुस्त होतात, पण दुकानदाराला तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा. त्यावरून गिटारही कळते आणि दुकानही.

त्यानंतरची तपासणी कंटाळवाणी आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सहा तारा, बावीस फ्रेट. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक सूर वाजवायचा, अ‍ॅम्पला, म्हणजे गिटारच्या स्पीकरला, न जोडता. सगळे सूर. कुठे तार खरखरते, कुठे सूर उमटताच मरतो, हे कानांना लगेच कळतं. वाजवता येत नसलं तरी हे करता येतं. आईवडील करू शकतात. मग पातळ तार बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबून वर ओढायची. ओढताना सूर मध्येच घुसमटला तर पुढचा कुठला तरी फ्रेट उंच आहे.

शेवटी बारावा फ्रेट. तारेच्या बरोबर निम्म्या लांबीवर तो असतो, म्हणून तिथे हलका स्पर्श करून काढलेला हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला सूर एकच यायला हवेत. मोबाइलवरचा फुकटचा ट्यूनर हे दाखवतो. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे बॉडीकडे तार जिथे टेकते तो तुकडा, मागे सरकवायचं, उतरा येत असेल तर पुढे. स्क्रू ड्रायव्हरचं काम आहे. पण सॅडल मागच्या टोकाला टेकलेलं आणि सूर तरीही चढाच, असं असेल तर ती गिटार सोडून द्या. त्या गिटारवर कुठलीच कॉर्ड कधीच पुरती सुरात लागणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात अकरावीतला एक विद्यार्थी आणि त्याचे वडील यांच्यासोबत मी बर्डीला गेले होते. वडील मोटर वाइंडिंगचं काम करतात. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी आणि पंप, एरवी मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी. पोराची नजर एका लाल गिटारवर गेली आणि तिथेच थांबली. "मॅडम, हे भारी दिसते न." दिसत होतीच. मी नेक बघत होते, तेवढ्यात वडिलांनी पिकअपवर बोट ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, हे कॉइल आहे का जी?"

वर्गात फॅरडेचा नियम शिकवताना मला असा प्रश्न क्वचितच कुणी विचारलाय. हो, कॉइलच आहे. चुंबकाभोवती तांब्याची बारीक तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली. वर पोलादी तार थरथरते, तिच्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. १८३१ मध्ये फॅरडेनं जे दाखवलं तेच, एवढंच की इथे त्या विजेतून सूर निघतो. म्हणूनच इलेक्ट्रिक गिटारला तारा पोलादाच्या किंवा निकेल चढवलेल्या पोलादाच्या हव्यात. साध्या गिटारच्या ब्राँझ गुंडाळलेल्या तारा लावल्या तर पिकअपला त्यांच्या आतला पोलादी गाभा तेवढा जाणवतो आणि आवाज बसतो.

"किती टर्न असतीन याच्यात?"

साधारण आठ हजार, मी म्हटलं, एका कॉइलच्या पिकअपला. तार ४२ गेजची. अमेरिकन गेज आहे, तुमच्या हिशेबात ०.०६३ मिलिमीटर. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, जणू ती तार चिमटीत आहे. "एवढी बारीक तार मशीनवर तुटत नसन का?" तुटते. ताण राखणं हीच त्या कामातली कारागिरी आहे. मग ते उठले, स्कूटीच्या डिकीतून मल्टिमीटर घेऊन आले आणि दुकानदाराची परवानगी घेऊन गिटारच्या केबलच्या टोकाला लावला. नेकजवळच्या पिकअपला सहा किलोओहमच्या जरा खाली. ब्रिजजवळच्या जाड पिकअपला साडेसातच्या वर. "इथं दोन कॉइल आहेत, सिरीजमध्ये." मी काही सांगितलं नव्हतं. मग त्यांनी पिकअप निवडायचा स्विच, म्हणजे सिलेक्टर, एक घर मागे घेतला आणि रीडिंग एकदम निम्म्याच्या आसपास उतरलं. "पॅरलल," ते पोराला म्हणाले. पोरगं लाल रंग विसरून मीटरकडे बघत होतं.

त्या मधल्या घराची एक गोष्ट मला फार आवडते. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिला तीन पिकअप आणि तीन घरांचा स्विच होता. वाजवणाऱ्यांच्या लक्षात आलं की स्विच दोन घरांच्या मध्ये अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि वेगळाच, काचेसारखा लख्ख आवाज येतो. लोक वर्षानुवर्षं स्विच असा अडकवून वाजवत राहिले. कंपनीनं पाच घरांचा स्विच बसवायला १९७७ उजाडावं लागलं. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडली, ती काढता यावी म्हणून. दुरुस्ती करणाऱ्या माणसानं बनवलेली गिटार आहे ती, आणि आपल्या हवेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. गिब्सनची १९५२ मध्ये आलेली लेस पॉल देखणी, भरदार आवाजाची, पण तिची नेक चिकटवलेली असते आणि हेडस्टॉक मागे झुकलेलं. चार किलोच्या पुढे वजन. भिंतीला टेकवलेली घसरून पडली तर हेडस्टॉकच्या मुळाशी मोडते. अ‍ॅक्टिव्हावर मागे बसून, पाठीवर गिटार लटकवून मानेवाड्याहून सदरला क्लासला जाणाऱ्या पोरासाठी मी तरी स्क्रूवाली सुचवते.

दोन्हींच्या तारेची लांबीही वेगळी. फेंडरची ६४८ मिलिमीटर, गिब्सनची ६२८. तेवढाच सूर लावायला लांब तारेला जास्त ताण द्यावा लागतो. हिशेब केला तर साधारण सहा टक्के जास्त. लहान हाताच्या मुलामुलींना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. दोन्ही मांडीवर घेऊन बघायला सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

एक कॉइल की दोन, हा प्रश्न नागपुरात नुसत्या आवडीचा राहत नाही. एका कॉइलचा पिकअप तारेसोबत घरातली विजेची भुणभुणही पकडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो, म्हणजे आपल्या घरातल्या विजेचा सूर पेटीवाल्यांच्या पांढरी पाचच्या अगदी शेजारी लागलेला आहे. मे महिन्यात खिडकीत कूलर, आत पंप, वर पंखा, त्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि भिंतीवर जुनी चोकवाली ट्यूब. अशा खोलीत एका कॉइलचा पिकअप भुणभुणणारच. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरनं यावर तोडगा काढून पेटंटसाठी अर्ज केला. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येऊन नाहीशी होते, तारेचा सूर मात्र दोन्हींत सारखा येऊन वाढतो. हाच हमबकर. मला यापेक्षा सुंदर बेरीज-वजाबाकी माहीत नाही.

पहिल्या गिटारसाठी मी ब्रिजजवळ एक हमबकर आणि बाकी दोन साधे, अशी मांडणी सुचवते. यामाहाच्या पॅसिफिकामध्ये ती मिळते, इतरांच्याही मॉडेलांत असते. नावांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्क्वायर हा फेंडरचा, एपिफोन हा गिब्सनचा स्वस्तातला ब्रँड. यामाहा, आयबनेझ, कॉर्ट यांच्याही सुरुवातीच्या गिटारी आज विश्वासाच्या आहेत. साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत काम होतं. फ्लॉइड रोज जातीचा, तारा कुलूपबंद करणारा हलता ब्रिज मात्र पहिल्या गिटारवर नको. एक तार तुटली की बाकी पाचही बेसूर होतात आणि शिकणाऱ्याचा सगळा वेळ सूर लावण्यात जातो.

बॉडीच्या लाकडाबद्दल दुकानात आणि व्हिडिओंत जितकं बोललं जातं तितकं त्यात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पिकअप, त्याची तारेपासूनची उंची आणि अ‍ॅम्प यांचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट ठोकलेल्या पट्टीच्या, लाकडाकडे मात्र लक्ष द्या, कारण ते वाळतं. पूर्वी तिथे सर्रास शिसव असायचं. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराची बंधनं आली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात कंपन्यांनी दुसरी लाकडं धरली, त्यातलं एक इंडियन लॉरेल. हे म्हणजे आपलं ऐन. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात, तेच झाड. स्वस्तातल्या स्क्वायरच्या फिंगरबोर्डवर ते बघितलं की मला नेकवरून उगाच एकदा हात फिरवावासा वाटतो. शिसव असो की ऐन, एप्रिल लागला की त्यावर लेमन ऑइलचा अगदी हलका हात द्यायचा आणि पुसून काढायचं. कूलरच्या झोतात गिटार ठेवायची नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या ओल्या हवेनं लाकूड एका बाजूनं फुगतं आणि तारा गंजतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद कारमध्ये तर पाच मिनिटंही नाही.

पोरगं काय वाजवणार आहे, हे विचारायला आईवडील विसरतात. त्याच्या मोबाइलवर परदेशी बँड असतील, असू देत. पण नागपुरात त्याला पहिलं स्टेज बहुधा गॅदरिंगचं मिळेल, नाहीतर गणपतीच्या मंडपातल्या ऑर्केस्ट्राचं, नाहीतर १४ एप्रिलला भीमगीतांच्या कार्यक्रमाचं. इंदोऱ्यात किंवा कामठी रोडला अशा कार्यक्रमात कधी कान देऊन ऐका. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक यांच्या गर्दीतून गिटारवाला दोन ओळींच्या मध्ये असा एक तुकडा टाकतो की पब्लिक गाणाऱ्याआधी त्याला दाद देतं. त्यासाठी स्वच्छ, धारदार, पटकन उमटून पटकन थांबणारा आवाज लागतो. डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारे, चार पेडल तिथे उपयोगाचे नाहीत. सदरच्या चर्चमध्ये वाजवायची असेल तर आणखी मऊ आवाज लागेल. म्हणून दुकानात गिटार अ‍ॅम्पला जोडून ऐकायची ती स्वच्छ आवाजात. डिस्टॉर्शनखाली सगळ्याच गिटारी चांगल्या वाटतात, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं.

सगळे पैसे गिटारवर घालू नका. वीस हजार हातात असतील तर गिटार चौदा-पंधराची, बाकीच्यात दहा-पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प, एक बरी केबल, तारांचा एक जादा सेट आणि चांगल्या माणसाकडून सेटअप. नेकचा बाक, तारांची उंची, फ्रेटची टोकं, सूर, हे सगळं नीट बसवलेली पंधरा हजारांची गिटार खोक्यातून काढलेल्या तीस हजारांच्या गिटारला वाजवण्यात मागे टाकते. ऑनलाइन घेणार असाल तर हा सेटअपचा खर्च आधीच धरून चाला, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत वरची सगळी तपासणी करा. जुनी मिळत असेल तर जरूर बघा. दोन-तीन नागपुरी उन्हाळे काढून सरळ राहिलेल्या नेकला मी नव्या गिटारपेक्षा जास्त मान देते.

अ‍ॅम्प अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर त्यावर १२० व्होल्ट लिहिलंय का ते बघा. आपल्या २३० मध्ये तो तसाच लावला तर जळेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट अर्थिंग. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून, अ‍ॅम्पच्या डब्यातून थेट सॉकेटच्या अर्थपर्यंत जोडलेल्या असतात. अर्थ चांगलं असेल तर तेच तुमचं संरक्षण. ते नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये गळती असेल, तर वाजवणाऱ्याचा हात जिवंत तारेवर आहे. मंडपात धोका दुप्पट, कारण गिटार एका लाइनवर आणि माइक दुसऱ्या. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वान्सीच्या स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगते. घाबरवायला सांगत नाही, मंडपातल्या लाइटवाल्याला "दादा, अर्थ दिलंय का?" हे विचारायला त्यानं लाजू नये म्हणून सांगते.

त्या दिवशी लाल गिटार घेतली नाही. तिच्या पातळ तारेवर चौदाव्या फ्रेटला सूर घुसमटत होता. त्याच मॉडेलची काळी घेतली. तिची नेक सरळ होती, टोकं जराशी बाहेर आलेली, ती दुकानातल्या मुलानं तिथेच बारीक कानशीनं घासून दिली. पोराचा चेहरा थोडा उतरला होता, पण बिल होईपर्यंत त्यानं तिच्यावर एक धून काढलीही.

त्यांच्या घरी अ‍ॅम्प लावायच्या आधी वडिलांनी सॉकेटमध्ये मीटर घातला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अकरा व्होल्ट. "खड्डा वाळला असन," म्हणाले. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थ नावालाच उरतं. त्यांनी अंगणातल्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, पट्टीचा गंजलेला नट घासून आवळला, पुन्हा मीटर लावला. दोनच्या आत आल्यावरच पोराला स्विच दाबू दिला. गिटारमधली थोडी गुणगुण तारांना हात लावताच थांबली. ते ठीक आहे, मी त्यांना सांगितलं. अंगानं पकडलेली वीज तारांतून अर्थला जाते, म्हणून थांबते.

महिनाभरानं त्या मुलाचा प्रश्न आला: बार कॉर्ड, म्हणजे तर्जनीनं सगळ्या तारा एकदम दाबून धरायची कॉर्ड, जमत नाही. पहिल्या फ्रेटवरचा एफ धरायचा हट्ट सोड, असं मी त्याला लिहिलं. नटजवळ, म्हणजे हेडस्टॉककडच्या खाचांच्या पट्टीजवळ, तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर, तिथे तो ए होतो. तर्जनी सपाट ठेवू नको, अंगठ्याकडच्या कडेवर जरा कलती कर, आणि अंगठा नेकच्या मागे मधोमध. सहाही तारा एकेक करून वाजव. सगळ्या बोलल्या की एक फ्रेट खाली ये.